बांधकाम साइटवर फोर्कलिफ्ट: माणसांच्या आणि मशीनच्या वाटा आधी वेगळ्या करा

प्रश्न एका साइट इंजिनिअरचा आहे. सात मजली इमारतीचं काम सुरू आहे. साइटवर अडीच टनी डिझेल फोर्कलिफ्ट आहे आणि भाड्याने आणलेला एक टेलिहँडलर, म्हणजे पुढे लांब होणाऱ्या बूमने (पोलादी हाताने) माल वर पोहोचवणारं मशीन. गेल्या महिन्यात फोर्कलिफ्ट वळताना मागचं चाक एका हेल्परच्या पावलावरून गेलं आणि हाडं मोडली. त्यानंतर सगळ्यांना चमकदार जॅकेट दिली, सावधानतेचे बोर्ड लावले, ऑपरेटरला समज दिली. तरीही परवा ब्लॉकची गाडी उतरवताना आणखी एक जण थोडक्यात वाचला. आता अजून काय करायचं, असं त्यांनी विचारलं आहे.

जॅकेट, बोर्ड आणि समज या तिन्ही गोष्टी करायलाच हव्या होत्या. पण तिन्हींचा भरवसा एकाच गोष्टीवर आहे: ऐन वेळी कुणीतरी लक्ष देईल. काँक्रीटची गाडी गेटवर खोळंबलेली, वरून ब्लॉकसाठी हाका चाललेल्या, अशा वेळी ते लक्ष राहत नाही. ऑपरेटरचं राहत नाही आणि हेल्परचंही नाही. म्हणून चालणारी माणसं आणि चालणारं मशीन एकाच वेळी एकाच जागी येणारच नाहीत अशी साइटची मांडणी करा. जिथे ते खरोखर जमत नाही तिथेच सिग्नलमन, हॉर्न आणि जॅकेट यांचा आधार घ्या. हा क्रम उलटा झाला की बोर्ड वाढत जातात आणि जखमाही चालू राहतात.

फोर्कलिफ्टने माणसं कशी दगावतात याचा एक जुना पण नीट केलेला हिशेब आहे. अमेरिकेच्या ‘नायोश’ या व्यावसायिक सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने १९८० ते १९९४ या काळातल्या १,०२१ मृत्यूंची वर्गवारी केली होती. त्यातले २२ टक्के मशीन उलटून झाले, २० टक्के पायी माणसाला मशीन धडकून, १६ टक्के मशीनमुळे चिरडून आणि ९ टक्के फोर्कलिफ्टवरून पडून. मशीन तेव्हापासून सुधारली, पण ती उलटतात आणि चिरडतात त्यामागची कारणं तीच आहेत. धडक आणि चिरडणं मिळून एक तृतीयांशाहून जास्त होतात, म्हणून आधी त्यांच्याविषयी.

पहिली गोष्ट म्हणजे मागचं चाक. कारमध्ये पुढची चाकं वळतात, फोर्कलिफ्टमध्ये मागची. ऑपरेटरने डावीकडे स्टिअरिंग फिरवलं की मशीनचा मागचा भाग उजवीकडे झटकन बाहेर फेकला जातो. शेजारी उभ्या असलेल्या माणसाने आयुष्यभर कार, ट्रक, रिक्षाच वळताना पाहिलेल्या असतात, त्यामुळे त्याला वाटतं की मशीन आपल्यापासून दूर चाललं आहे. त्याच क्षणी काउंटरवेट, म्हणजे मालाचा तोल सांभाळणारं मागचं जड वजन, त्याच्या अंगावर येतं. मागे ब्लॉकची थप्पी किंवा भिंत असेल तर त्याला सरकायलाही जागा नसते. अडीच टनी फोर्कलिफ्टचं स्वतःचं वजन चार टनांच्या आसपास असतं, त्यामुळे वेग अगदी पायी चालण्याइतका असला तरी फरक पडत नाही.

सेफ्टी शूज घातले होते तरी हाडं कशी मोडली, हा प्रश्न अशा वेळी हमखास येतो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बुटाच्या टोकातली स्टीलची टोपी १५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीड टन दाब सोसेल अशी असते. रिकाम्या मशीनच्या मागच्या एका चाकावर टन-सव्वा टन येतो, म्हणजे टोपी कदाचित टिकेल. पण ती फक्त बोटांपुरती असते आणि चाक पावलाच्या मधून जातं. भरलेल्या मशीनच्या पुढच्या एका चाकावर पावणेतीन टनांच्या आसपास भार असतो. त्यापुढे कुठलाच बूट पुरत नाही. बूट सक्तीचे ठेवाच, मात्र ते चाकाखाली येण्यावरचा उपाय नाहीत हे सगळ्यांना स्पष्ट सांगा.

आता मांडणी. एक दिवस सकाळच्या पाळीत पहिल्या मजल्याच्या कडेला, रेलिंगच्या आत उभं राहा आणि तासभर फक्त बघा. हातात साइटचा नकाशा ठेवा. माणसं कुठून कुठे जातात ते निळ्या पेनने काढा, मशीन कुठून जातं ते लाल पेनने. दोन्ही रेषा सगळ्यात जास्त वेळा जिथे एकमेकींना छेदतात तिथेच पुढचा अपघात ठरलेला आहे. बहुतेक साइटवर ही जागा पिण्याच्या पाण्याजवळ, शौचालयाकडच्या वाटेवर, हजेरीच्या टेबलापाशी किंवा हॉइस्टच्या (वरच्या मजल्यांवर नेणाऱ्या साइटवरच्या लिफ्टच्या) तोंडाशी निघते. आपण रस्ता मशीनसाठी आखतो आणि माणसं पाण्याकडे जवळच्या वाटेने जाणार हे विसरतो. अशा वेळी कठडा लावण्याआधी पाण्याची टाकी हलवता येते का ते बघा. टाकी हलवायला अर्धा दिवस लागतो, आणि लोकांना लांबच्या वाटेने चालायला लावण्याची रोजची भांडणं वाचतात.

मग गेट. गाड्यांचं वेगळं, माणसांचं वेगळं. जागा नसेल तर एकाच गेटमध्ये मधोमध पक्का कठडा घाला. लाल-पांढऱ्या रिबिनीवर विसंबू नका. ती सकाळी लावली तर दुपारी कुणीतरी वर करून वाकून जातं आणि संध्याकाळी ती चिखलात पडलेली असते. पाइपचं रेलिंग किंवा काँक्रीटचे ब्लॉक लावा. जिथे माणसांना मशीनची वाट ओलांडावीच लागते तिथे कठड्याला छोटं झडपेचं दार करा, आणि ते माणसाने आपल्याकडे ओढून उघडावं असं लावा. ढकलून उघडणाऱ्या दारातून माणूस चालीच्या भरात थेट मशीनसमोर येतो. ओढायचं असलं की त्याला थांबावंच लागतं. ओलांडण्याची जागा सरळ आणि मोकळी असावी, थप्प्यांच्या कोपऱ्यावर नसावी. ऑपरेटरला माणूस आणि माणसाला मशीन किमान काही सेकंद आधी दिसायला हवं. ताशी १० किलोमीटर वेगाने मशीन एका सेकंदात २.८ मीटर जातं, म्हणजे ऑपरेटरचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच जवळपास तीन मीटर संपतात. भरलेल्या मशीनने कचकन ब्रेक मारला तर माल पुढे घसरतो, म्हणून अनुभवी ऑपरेटरही जोरात ब्रेक मारायला बिचकतो.

मशीनची वाट शक्य तितकी एकेरी, गोल फिरून येणारी ठेवा. रिव्हर्स जितका कमी तितके अपघात कमी. आणि जागा वेगळी करणं शक्यच नसेल तर वेळ वेगळी करा. ब्लॉक, टाइल्स, सळई यांच्या गाड्या पाळी सुरू होण्याआधी किंवा जेवणाच्या सुट्टीत घ्या, तेवढा वेळ त्या भागात पायी माणसांना बंदी. हे पुरवठादाराशी बोलून ठरवावं लागतं आणि तो सुरुवातीला कुरकुरतो. तरीही ठरवा.

परवाचा प्रसंग गाडी उतरवतानाचा आहे, त्यामुळे त्याकडे जरा बारकाईने पाहू. ब्लॉकच्या पॅलेट, म्हणजे माल रचलेल्या फळ्या, भरलेला ट्रक उभा आहे. फोर्कलिफ्ट डाव्या बाजूने येते. क्लीनर उजव्या बाजूला पट्टे सोडत उभा आहे, कारण पट्ट्याचं कुलूप तिकडे आहे. हेल्पर ट्रकच्या हौद्यात चढून पॅलेट सरळ आहे का बघतोय. ऑपरेटरला मास्ट (फोर्क वर-खाली नेणारी समोरची उभी चौकट) आणि माल यांच्या आड हे दोघंही धड दिसत नाहीत. तो फोर्क, म्हणजे माल उचलणारे काटकोनी पोलादी दात, आत घालतो. फोर्क पॅलेटपेक्षा हातभर लांब असतील तर त्यांची टोकं पलीकडच्या पॅलेटला लागतात आणि ती पॅलेट उजव्या बाजूने खाली जाते, क्लीनरच्या अंगावर. असे अपघात जगभर याच क्रमाने घडत आले आहेत. विटा असोत, पाइप असोत की प्लायवूडचे गठ्ठे, पडणारा माल बहुतेकदा ऑपरेटरला न दिसणाऱ्या बाजूलाच पडतो.

म्हणून उतरवण्याचा क्रम पक्का करा. ट्रक सपाट जागी उभा राहील, हँडब्रेक लागेल, चाकांना ओट (अडवणारे ठोकळे) लागतील, चावी सुपरवायझरकडे जाईल. अर्धवट उतरवलेला ट्रक ड्रायव्हरने पुढे घेतल्यामुळेही माणसं गेली आहेत, म्हणून चावीचा आग्रह सोडू नका. पट्टे सोडण्याआधी दोन्ही बाजूंनी फेरी मारून माल कलला आहे का ते बघा. प्रवासात सरकलेला माल कधीकधी पट्ट्याच्याच आधाराने उभा असतो आणि पट्टा सुटताच कोसळतो. पट्टे सोडून झाले की ड्रायव्हर आणि क्लीनर ठरलेल्या जागी जाऊन उभे राहतील. ही जागा जमिनीवर रंगाने आखा, ऑपरेटरला सीटवरून दिसेल अशी. ते दोघं तिथे दिसेपर्यंत ऑपरेटरने फोर्क उचलायचे नाहीत, आणि कुणी दिसेनासं झालं तर जिथे असेल तिथेच थांबायचं. हौद्यात कुणीही नाही. एकाच बाजूचा माल आधी रिकामा करू नका, ट्रक दुसरीकडे कलतो. आलटून पालटून घ्या. आणि फोर्कची लांबी पॅलेटशी जुळते का ते पहिल्या पॅलेटआधीच तपासा.

सिग्नलमन एकच असावा. दोन-तीन जण हात हलवायला लागले की ऑपरेटर कुणाचंच धड पाहत नाही. ‘थांब’ हा इशारा मात्र कुणीही द्यावा आणि तो कुणाचाही असला तरी पाळला जावा. सिग्नलमनने मशीनच्या मागे किंवा मशीन आणि भिंत यांच्यामध्ये उभं राहायचं नाही. तिरकस बाजूला, ऑपरेटरच्या आरशात दिसेल असं राहायचं. त्याच्या हातात मोबाइल नको आणि त्याला दुसरं कुठलं काम नको. रिव्हर्सचा आवाज, मागचा कॅमेरा, जमिनीवर पडणारा निळा दिवा ही साधनं चांगली आहेत, असतील तर चालू ठेवा. फक्त हे ध्यानात असू द्या की दिवसभर वाजणारा बीप-बीप आवाज तिसऱ्या दिवशी कुणालाच ऐकू येत नाही.

आता मशीन उलटण्याविषयी. फोर्कलिफ्ट म्हणजे एक सीसॉ आहे: पुढचा आस हा टेकू, एका बाजूला माल, दुसऱ्या बाजूला मशीनचं आणि काउंटरवेटचं वजन. म्हणून ‘अडीच टनी’ हे शब्द एकटे काहीच सांगत नाहीत. मशीनवरची क्षमतेची प्लेट वाचा. तिथे २,५०० किलोपुढे एक अंतर दिलेलं असतं, बहुतेक वेळा ५०० मिलिमीटर. अर्थ असा, की मालाच्या वजनाचा मध्य फोर्कच्या उभ्या भागापासून ५०० मिलिमीटरवर असेल तरच अडीच टन. पॅलेट १.४ मीटर खोल असेल तर मध्य ७०० मिलिमीटरवर जातो. पुढच्या आसापासून फोर्कच्या उभ्या भागापर्यंतचं अंतर ४८० मिलिमीटर धरा. मग हिशेब २,५०० गुणिले ९८० भागिले १,१८०, म्हणजे साधारण २,०७५ किलो. चारशे किलोंहून जास्त क्षमता नुसत्या मालाच्या आकारामुळे गेली. उंच मास्ट किंवा साइड शिफ्टरसारखी (फोर्क डावी-उजवीकडे सरकवणारी) जोड असेल तर ती आणखी घटते. हे गणित समजण्यापुरतं आहे. काम करताना मशीनवरची प्लेट आणि निर्मात्याचा तक्ताच प्रमाण माना. प्लेट पुसट झाली असेल तर नवी मागवा, आणि ती येईपर्यंत मशीनने वजन उचलायचं नाही.

आडवं उलटणं याहून फसवं असतं. मशीनला चाकं चार असली तरी मागचा आस मधोमध एका पिनवर टेकलेला असतो आणि त्या पिनवर तो डोलतो. त्यामुळे मशीन प्रत्यक्षात तीन बिंदूंवर उभं असतं: पुढची दोन चाकं आणि ती पिन. मशीन आणि माल यांचा एकत्रित गुरुत्वमध्य या त्रिकोणाच्या आत आहे तोवर ते उभं राहतं. माल उंच नेला, त्यातच वळण घेतलं, एक चाक खड्ड्यात गेलं, की तो मध्य त्रिकोणाबाहेर जातो. बऱ्याच जणांना वाटतं की रिकामं मशीन उलटत नाही. रिकामं मशीन वेगात वळलं तर सहज उलटतं, कारण वजन मागच्या बाजूला, त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे असतं. म्हणून चालताना फोर्क जमिनीपासून १५-२० सेंटिमीटरवर, मास्ट मागे झुकवलेला, आणि वळणाआधी वेग कमी. उतारावर भरलेलं मशीन नेताना माल नेहमी चढाच्या बाजूला. म्हणजे चढताना सरळ आणि उतरताना रिव्हर्स. रिकामं असेल तर उलट, फोर्क उताराकडे. उतारावर वळायचं नाही आणि आडवंही जायचं नाही.

उलटायला लागलं तर काय करायचं हे ऑपरेटरला पाठ असायला हवं, कारण विचार करायला वेळ मिळत नाही. उडी मारायची नाही. पडणाऱ्या मशीनमधून बाहेर झेपावलेला माणूस मशीन पडते त्याच बाजूला पडतो आणि डोक्यावरच्या जाळीच्या पोलादी चौकटीखाली सापडतो. बसून चालवायच्या फोर्कलिफ्टमध्ये सीटचा पट्टा लावलेला असावा, स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे आणि मशीन पडतंय त्याच्या विरुद्ध बाजूला झुकायचं. उभ्या असलेल्या, बंद मशीनमध्ये बसून ऑपरेटरकडून हे चार-पाच वेळा करून घ्या. नुसतं सांगून भागत नाही. जीव वाचवायला उडी मारावी ही शरीराची मूळ ओढ असते आणि ती सरावानेच मोडते. पट्टा न लावता मशीन चालवलं तर त्या दिवसाचं काम तिथेच थांबवा. या बाबतीत मी कुणाचंही काहीही ऐकून घेत नाही.

बांधकाम साइट आणि गोदाम यांत सगळ्यात मोठा फरक जमिनीचा. तुमची डिझेल फोर्कलिफ्ट ठोकळ (हवा नसलेल्या भरीव) टायरची असेल तर ती मुळात सपाट, टणक फरशीसाठी बनलेली आहे. तिच्या पोटाखाली जागा कमी, चाकं लहान. कच्च्या मातीवर तिला आणू नका. त्यासाठी टेलिहँडलर किंवा खडबडीत जमिनीची मोठ्या चाकांची फोर्कलिफ्ट वापरा. फोर्कलिफ्टला पक्की काँक्रीटची किंवा नीट दाबलेल्या मुरमाची वाट करून द्या आणि तिथूनच फिरवा.

भरलेल्या चरांची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. ड्रेनेजची किंवा केबलची चर खणून, माती ढकलून बुजवलेली असते. वरून सगळं सारखंच दिसतं. एखादा पाऊस पडला की भराव आतून खचतो आणि पुढचं एक चाक वीतभर खाली जातं. तेवढं पुरतं. म्हणून बुजवलेली प्रत्येक चर नकाशावर आखलेली हवी आणि जमिनीवर खुंट्या ठोकून दाखवलेली हवी. पावसानंतर मशीन सुरू होण्याआधी कुणीतरी त्या वाटेवरून पायी जाऊन यावं. उघड्या खड्ड्याच्या कडेपासून किती लांब राहायचं हे मातीवर आणि खोलीवर ठरतं, ते तुमच्या अभियंत्याने ठरवावं. पण तिथे मशीनला अडवेल असा बांध किंवा मजबूत ओंडका ठेवाच. संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात चुन्याची रेघ कुणाला दिसत नाही.

स्लॅबवर मशीन चढवायचं असेल तर आणखी सावध राहा. चार टनांचं मशीन आणि अडीच टनांचा माल, एकूण साडेसहा टन. त्यातलं साडेपाच टनांच्या आसपास पुढच्या आसावर, दोन चाकांच्या तळहाताएवढ्या जागांवर. राहत्या खोल्यांच्या स्लॅबसाठी साधारण दर चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भार धरलेला असतो. दोन आकडे शेजारी ठेवले की धोका आपोआप दिसतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी परवानगी, खालचे टेकू कुठे आणि किती दिवस ठेवायचे हे त्यात नमूद केलेलं, आणि मशीन कुठल्या पट्ट्यातून जाईल ते आखलेलं: यातलं एकही नसेल तर मशीन स्लॅबवर जाणार नाही. डक्टवर टाकलेले लोखंडी पत्रे आणि प्लायवूडने झाकलेली भोकं ही तर वेगळीच डोकेदुखी. झाकण भार घेईल असं आणि हलणार नाही असं बसवलेलं हवं, त्यावर ठळक खूण हवी.

टेलिहँडलर दिसतो फोर्कलिफ्टसारखा, पण वागतो क्रेनसारखा. बूम जितका पुढे जाईल तितकी क्षमता झपाट्याने घटते. जवळ तीन टन उचलणारं मशीन पूर्ण बूम लांबवल्यावर त्याच्या लहानशा हिश्श्याइतकंच पेलतं. कॅबमधला भाराचा तक्ता ऑपरेटरला वाचता येतो का हे त्याच्या शेजारी उभं राहून तपासा. ‘ही पॅलेट तिसऱ्या मजल्यावर, पाच मीटर आत ठेवायची आहे, चालेल का?’ असं विचारा आणि तक्त्यावर बोट ठेवून उत्तर द्यायला सांगा. उचलण्याआधी मशीनची चौकट पातळीत आणायची, कॅबमधला बुडबुडा मध्यात. पुढे झुकण्याचा इशारा देणारी यंत्रणा आडव्या कलण्याबद्दल काही सांगत नाही. माल ठेवून झाला की आधी बूम आत घ्यायचा, मग खाली. बूम वर असताना चालायचं नाही. बहुतेक टेलिहँडलरमध्ये कॅब डावीकडे आणि बूम उजवीकडे असतो, त्यामुळे उजव्या बाजूचा मोठा भाग ऑपरेटरला दिसतच नाही. त्या बाजूला कुणी येणार नाही याची व्यवस्था मांडणीतच करा.

वरच्या मजल्यावर पॅलेट घेणारा माणूसही विसरू नका. माल आत घेण्यासाठी तो कठडा काढतो आणि उघड्या कडेवर उभा राहून पॅलेट ओढायला बघतो. तिथे असं दुहेरी फाटक बसवा की बाहेरचं उघडलं की आतलं बंद असेल. फोर्क मागे हटून बाहेरचं बंद झाल्यावरच त्याने पुढे यायचं.

फोर्कला पट्टा किंवा साखळी अडकवून माल लोंबकळत नेणं बंद करा. तो झोके घेतो आणि गुरुत्वमध्य दर क्षणी बदलतो, शिवाय पट्टा फोर्कवरून घसरतो. टांगून न्यायचंच असेल तर निर्मात्याने मान्य केलेली हुकाची जोड आणि तिचा वेगळा तक्ता लागतो. बारा मीटर लांब सळईचे गठ्ठे फोर्कवर आडवे घेऊन फिरवू नका, ते क्रेनचं काम आहे.

पॅलेटवर माणसाला उभं करून वर पाठवणं, मग ते एक बल्ब बदलण्यासाठी का असेना, पूर्ण बंद. पॅलेट फोर्कला बांधलेली नसते, कडेला कठडा नसतो आणि मास्टच्या साखळीत हात सापडतो. उंचीवरच्या कामाला शिडीमचाण किंवा माणसांसाठी बनवलेली लिफ्ट मागवा. फोर्कलिफ्टवर बाजूला लटकून जाणारा हेल्परही याच यादीत येतो.

वरून विजेच्या तारा जात असतील तर त्यांची जागा आणि दाब वीज कंपनीकडून लिहून घ्या आणि शक्य असेल तर काम चालेपर्यंत प्रवाह बंद करून घ्या. अमेरिकेच्या नियमात क्रेनसाठी ५० किलोव्होल्टपर्यंतच्या तारेपासून किमान तीन मीटर अंतर सांगितलं आहे. तुमच्या इथला नियम बघा आणि जास्त असेल ते अंतर पाळा. बूम तारेला लागलाच तर ऑपरेटरने आत बसून राहायचं, बाकीच्यांनी लांब जायचं, मशीनला कुणीही हात लावायचा नाही. आग लागल्याशिवाय उतरायचं नाही. उतरावं लागलंच तर मशीन आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होऊ न देता, दोन्ही पाय जुळवून उडी घ्यायची आणि पाय जुळलेले ठेवूनच छोट्या उड्या मारत दूर जायचं.

रोज सकाळची तपासणी बहुतेक ठिकाणी कागदावर होते: सगळ्या चौकोनांत टिका आणि खाली सही. दोन ठिकाणी खरोखर हात घाला. फोर्क जिथे काटकोनात वळतो तिथे तो जमिनीवर घासून सगळ्यात जास्त झिजतो. महिन्यातून एकदा कॅलिपरने तिथली जाडी मोजा आणि उभ्या भागाच्या जाडीशी ताडून बघा, कारण उभा भाग झिजत नाही. चाळीस मिलिमीटरचा फोर्क ३६ वर आला की बदलायचा. दहा टक्के झीज किरकोळ वाटते, पण फोर्कची ताकद जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून क्षमता जवळपास २० टक्के गेलेली असते. त्यावर वेल्डिंग करून भर घालू नका. दुसरी जागा मास्टच्या साखळ्या: दोन्ही सारख्या ताणलेल्या आहेत का, कडी गंजली आहे का, लांबी वाढली आहे का. नव्या साखळीतला ३०० मिलिमीटरचा तुकडा ३०९ भरायला लागला, म्हणजे तीन टक्के ताणला गेला, की साखळी काढायची. हायड्रॉलिकच्या नळीची गळती शोधायला हात फिरवू नका. सुईएवढ्या भोकातून येणारं तेल कातडीत शिरतं. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, आतून हात सडतो. पुठ्ठा धरून बघा, आणि कुणाला असं लागलंच तर दुखत नसलं तरी लगेच रुग्णालयात न्या.

ब्रेक, हॉर्न, स्टिअरिंग, टायर, पट्टा हे रोजचंच. महत्त्वाचं हे की ऑपरेटरने ‘मशीन बाद’ म्हटलं तर ते बाद झालं पाहिजे. चावी काढायची, पाटी लावायची, आणि दुरुस्ती करणाऱ्याने सही केल्याशिवाय ती निघणार नाही. ऑपरेटरने दोनदा सांगूनही मशीन चालवायला लावलं गेलं, तर तिसऱ्यांदा तो सांगणारच नाही.

तळघरात किंवा बंद मजल्यावर डिझेल, गॅसवर चालणारं मशीन नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बॅटरीचं मशीन वापरा. त्याचं चार्जिंग मोकळ्या हवेत, ठिणगीपासून लांब, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो.

ऑपरेटरला समज दिली असं तुम्ही लिहिलं आहे. त्याला पगार कसा मिळतो तेही बघा. फेरीमागे पैसे असतील, किंवा गाडी ठरल्या वेळेत रिकामी झाली नाही तर बोलणी खावी लागत असतील, तर त्याच्या पायाखालचा ॲक्सिलरेटर तुम्हीच दाबत आहात. आधी तो व्यवहार बदला. अमेरिकी नियमात दर तीन वर्षांनी ऑपरेटरचं प्रत्यक्ष मूल्यमापन आणि अपघात किंवा थोडक्यात टळलेल्या घटनेनंतर पुन्हा प्रशिक्षण सांगितलं आहे. तेवढं किमान धरा. परवाच्या घटनेतल्या सगळ्यांना, ट्रकच्या क्लीनरसकट, त्याच जागी उभं करून ‘तू कुठे होतास, तुला काय दिसत होतं’ एवढंच विचारा. शिक्षेचा विषय काढू नका, नाहीतर पुढची घटना तुमच्यापर्यंत पोहोचणारच नाही.

शेवटचं भाड्याच्या टेलिहँडलरबद्दल. मशीन उतरवून घेतानाच तपासणीचं ताजं प्रमाणपत्र, भाराचा तक्ता आणि ऑपरेटरचा परवाना किंवा प्रशिक्षणाचा दाखला बघा. मशीनबरोबर आलेला ऑपरेटर कितीही जुना असला तरी त्याला तुमच्या चरा, तुमच्या तारा, तुमचा स्लॅब माहीत नाही. त्याला नकाशा घेऊन पूर्ण साइट पायी फिरवा आणि मगच चावी द्या. भाडेकरार चालू असताना मालकाने ऑपरेटर बदलला तर नव्याला घेऊन ही फेरी पुन्हा करा.